मॅनिफोल्डला तडा का जातो?

जुन्या डिझेल गाडीला टर्बो बसवला की ती चढाला दमत नाही, भरलेला माल सहज ओढते, असे ऐकून अनेक वाहनमालक गॅरेजची वाट धरतात. परभणी जिल्ह्यात कापूस-सोयाबीनची वाहतूक करणाऱ्या किंवा जिंतूरच्या डोंगराळ भागात ये-जा करणाऱ्या गाडीमालकाला हा मोह पडला तर नवल नाही. कारागीर इंजिनाला जोडलेला बिडाचा मॅनिफोल्ड उतरवतो, त्याचे तोंड कापतो, तेथे जाड पोलादी पट्टी वेल्ड करतो आणि तिच्यावर टर्बो चढवतो. पहिले काही दिवस गाडी छान पळते. मग एक दिवस बॉनेटखालून फसफस असा आवाज येऊ लागतो, गाडीची ओढ कमी होते, आणि उघडून पाहावे तो मॅनिफोल्डवर काजळीची बारीक रेघ दिसते. रेघ पुसली की खाली तडा. तो वेल्ड करावा, तर पुढचा तडा त्याच्या शेजारीच जातो.

माल हलका होता किंवा वेल्डिंग कच्चे होते, असे यावर सांगितले जाते. कधीकधी ते खरेही असते. पण उत्तम माल आणि उत्तम वेल्डिंग असूनही तडा जाऊ शकतो. तो का जातो आणि कसा टाळता येतो, हे या लेखात पाहू. त्यासाठी लागणारे विज्ञान शालेय आणि कनिष्ठ महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांपलीकडचे नाही. रेषीय प्रसरण, वायूंची घनता आणि थोडासा हूकचा नियम एवढ्या शिदोरीवर आपले काम भागेल.

मॅनिफोल्ड आणि टर्बो

चार सिलिंडरच्या इंजिनात जळलेला वायू बाहेर टाकणारी चार तोंडे इंजिनाच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, ओळीने असतात. या चार तोंडांतून येणारा वायू एकत्र करून एका नळीत सोडणारा फाटेदार ओतीव भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. एका बाजूला चार तोंडे, दुसऱ्या बाजूला एक. साध्या इंजिनात त्याच्यापुढे थेट सायलेन्सरची नळी जोडलेली असते.

टर्बोमध्ये एकाच दांड्यावर पात्यांची दोन छोटी चाके बसवलेली असतात. एक चाक जळलेल्या वायूच्या झोताने फिरते. दुसरे त्याच्याबरोबर फिरते आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. लहान गाडीच्या टर्बोची ही चाके मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतात. इंधनातून मिळणाऱ्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक-तृतीयांश भाग जळलेल्या वायूबरोबर बाहेर निघून जातो. त्यातला काही भाग परत कामाला लावण्याच्या या युक्तीचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली घेतले होते.

हवा कोंबण्याची गरज का पडते? इंजिनात इंधन हवे तेवढे सोडता येते, पण ते जाळण्यापुरती हवा आत असावी लागते. एक परिचित उदाहरण घेऊ. १९९४ साली आलेल्या टाटा सुमोचे डिझेल इंजिन १९४८ घन सेंटिमीटरचे, म्हणजे सुमारे १.९५ लिटरचे होते आणि त्याला टर्बो नव्हता. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांत एकदा सिलिंडर हवेने भरतात. मिनिटाला ३००० फेरे होत असतील, तर हे इंजिन मिनिटाला १.९५ × १५०० म्हणजे सुमारे २९०० लिटर हवा घेते. आकारमान ठरलेले आहे. त्या आकारमानात वस्तुमान किती मावते ते मात्र तापमानावर ठरते. परभणीत जानेवारीच्या पहाटे हवा १० अंश सेल्सिअस असेल आणि मेच्या दुपारी ४४ अंश, तर निरपेक्ष तापमाने अनुक्रमे २८३ आणि ३१७ केल्विन होतात. दाब साधारण सारखाच असल्याने घनतेचे गुणोत्तर २८३ ÷ ३१७ म्हणजे ०.८९ येते. तीच गाडी, तोच रस्ता, पण मेच्या दुपारी इंजिनाला सुमारे ११ टक्के कमी ऑक्सिजन मिळतो. उन्हाळ्यात गाडी मंद वाटते हा केवळ चालकाचा भास नाही.

टर्बो ही तूट भरून काढतो आणि वर आणखी हवा देतो. १९९८ साली आलेल्या टाटा सफारीत त्याच १९४८ घन सेंटिमीटर आकारमानाचे पण टर्बो असलेले इंजिन होते, आणि त्याची शक्ती बरीच जास्त होती. मात्र या शक्तीची किंमत मॅनिफोल्डला चुकवावी लागते. जास्त हवा, जास्त इंधन, म्हणून जास्त उष्णता. शिवाय टर्बोचे चाक वाटेत आडवे असल्यामुळे तापलेला वायू मॅनिफोल्डमध्ये दाबाखाली राहतो. पूर्ण भारावर चालणाऱ्या डिझेल इंजिनात टर्बोच्या तोंडाशी वायूचे तापमान सर्वसाधारणपणे ६०० ते ७०० अंशांपर्यंत पोहोचते. पेट्रोल इंजिनात ते ९०० ते १००० अंशांच्या घरात जाते. पूर्वी नुसती वाट देणारा मॅनिफोल्ड आता भट्टीची भिंत होतो, आणि काही किलो वजनाच्या टर्बोचा भारही त्याच्यावरच पडतो.

बीड कसे असते?

ओतीव लोखंडाला मराठीत बीड म्हणतात. परभणीच्या शेजारच्या बीड जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही. आपल्या ओळखीचा आहे तो बिडाचा तवा. बिडात ३ ते ४ टक्के कार्बन आणि साधारण २ टक्के सिलिकॉन असते. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळते, तर बीड ११५० ते १२०० अंशांच्या आसपासच पातळ होते. म्हणून ते साच्यात सहज वाहते आणि मॅनिफोल्डसारखा वेडावाकडा आकारही एका ओतात तयार होतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हापासून मराठी मुलखातील उद्योगाशी ओतकामाचे नाते आहे. कोल्हापूर परिसरातील ओतशाळांत आज मोटारींचे बिडाचे सुटे भाग मोठ्या प्रमाणावर ओतले जातात.

साधे करडे बीड तोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर लोखंडात विखुरलेल्या ग्राफाइटच्या चपट्या पाकळ्या दिसतात. त्यांचा आकार पोह्यांसारखा असतो. ग्राफाइट मऊ असल्यामुळे प्रत्येक पाकळी म्हणजे लोखंडातील एक पोकळ फटच समजावी. बिडावर दाब दिला तर या फटी मिटतात आणि बीड दाब उत्तम सोसते. पण बीड ओढले तर पाकळ्यांच्या टोकदार कडांशी ताण एकवटतो. साध्या बिडाची ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला २०० न्यूटनच्या आसपास असते. दाब मात्र ते याच्या तीन-चार पट सोसते. तापलेल्या बिडाच्या तव्यावर थंड पाणी ओतू नये असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात, त्याचे कारण हेच. पाणी पडलेला भाग एकदम आकसतो, भोवतालचा भाग त्याला आकसू देत नाही, आणि ओढाताणीत तवा तडकतो.

बिडाची आणखी एक खोड आहे. ते ४५०-५०० अंशांच्या वर वारंवार आणि बराच काळ तापत राहिले, तर त्यातले लोखंड-कार्बनचे संयुग हळूहळू विघटन पावते आणि त्यातून ग्राफाइट वेगळे होते. लोखंड आणि ग्राफाइट मिळून मूळ संयुगापेक्षा जास्त जागा घेतात. शिवाय पाकळ्यांच्या वाटेने ऑक्सिजन आत शिरून लोखंड आतून गंजते. परिणामी बीड कायमचे थोडे फुगते. थंड झाल्यावरही ही वाढ परत जात नाही.

अडीच मिलिमीटरचा प्रश्न

आता आकडे मांडू. मॅनिफोल्डची लांबी ४५० मिलिमीटर धरू. बिडाचा रेषीय प्रसरणांक अंशाला सुमारे ०.००००१२ आहे. सकाळी गाडी सुरू करताना सर्व भाग ३० अंशांवर आहेत. गाडी पूर्ण भारावर चालू लागल्यावर मॅनिफोल्ड ५५० अंशांवर जातो. हेडमध्ये मात्र पाणी खेळत असल्याने ते १०० अंशांच्या आसपास राहते. हेडही बिडाचे आहे असे मानू.

मॅनिफोल्डचे प्रसरण = ४५० × ०.००००१२ × ५२० = सुमारे २.८ मिलिमीटर

हेडचे प्रसरण = ४५० × ०.००००१२ × ७० = सुमारे ०.४ मिलिमीटर

म्हणजे एकमेकांना घट्ट आवळलेल्या या दोन भागांच्या लांबीत जवळजवळ अडीच मिलिमीटरचा फरक पडतो. मॅनिफोल्डचा मध्य जागेवर राहिला, तर प्रत्येक टोक सव्वा मिलिमीटर बाहेर सरकू पाहते. गाडी थंड झाली की तेवढेच आत येते. गाडी दिवसातून चार वेळा तापून निवत असेल, तर वर्षाला दीड हजाराच्या आसपास अशी ये-जा होते.

ही हालचाल होऊच दिली नाही तर काय होईल? हूकच्या नियमाप्रमाणे प्रतिबल म्हणजे स्थितिस्थापकता गुणांक गुणिले विकृती. बिडासाठी यंगचा गुणांक दर चौरस मिलिमीटरला सुमारे १,००,००० न्यूटन धरू. अडवलेली विकृती ०.००००१२ × ४५० अंश, म्हणजे ०.००५४ आहे. (येथे ४५० हा मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या तापमानवाढीतला फरक आहे.) गुणाकार केल्यास ५४० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर एवढे प्रतिबल मिळते. बिडाच्या ताणशक्तीच्या अडीच पटींहून ते जास्त आहे. हे गणित ढोबळ आहे, कारण इतक्या प्रतिबलाला पोहोचण्याआधीच तापलेले बीड नमते. पण नेमके हे नमणेच पुढच्या संकटाचे मूळ आहे.

काळ्या मातीची भेग आणि चाकाची धाव

तापताना अडवलेला मॅनिफोल्ड दाबला जातो. दाब बिडाला सोसतो, म्हणून गरम असताना सहसा तडा जात नाही. मात्र गरम धातू मऊ असल्याने तो थोडासा दबून कायमचा आखूड होतो. इंजिन बंद केल्यावर मॅनिफोल्ड निवू लागतो आणि आकसू पाहतो. आता त्याची नैसर्गिक लांबी मूळ लांबीपेक्षा कमी झालेली आहे, पण दोन्ही टोके नटांनी धरून ठेवली आहेत. त्यामुळे तो ताणला जातो, आणि ताण तर बिडाला सोसत नाही. तडा बहुधा दोन फाटे मिळतात त्या कोनात किंवा भोकाच्या कडेला पडतो, कारण तेथे ताण एकवटतो. कारागीर सांगतात की गाडी रात्रभर उभी होती आणि सकाळी तडा दिसला. त्यांचे निरीक्षण या हिशोबाशी जुळते.

परभणीच्या विद्यार्थ्याला हे समजावून देण्यासाठी शेतातले उदाहरण जवळचे आहे. काळी कसदार माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वरचा थर आकसतो, पण खालचा ओलसर थर त्याला धरून ठेवतो. आकसणे आणि अडवणे एकत्र आले की भेग पडते. नुसते आकसणे भेग पाडत नाही. मॅनिफोल्डबाबतही हेच खरे आहे.

याच तत्त्वाचा आपल्या लोहारांनी पिढ्यान्‌पिढ्या उपयोगही करून घेतला आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकाची लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवतात, जाळात तापवून मोठी करतात, चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. आकसणारी धाव चाकाला करकचून धरते. धाव कायम ताणाखाली असते, पण ती घडीव लोखंडाची किंवा पोलादाची असल्यामुळे तो ताण सोसते. बिडाची धाव कोणी घालत नाही.

बदल करताना काय पाहावे?

टर्बोसाठी मॅनिफोल्डमध्ये जे बदल केले जातात, त्यांतले बरेचसे आता या एका कसोटीवर तपासता येतात: तापलेल्या बिडाला सरकायला जागा राहिली आहे का?

पहिली गोष्ट म्हणजे बोल्टची भोके. मधल्या स्टडचे भोक नेमके बसणारे असावे, म्हणजे मॅनिफोल्ड जागेवर राहतो. टोकांकडची भोके लांबट किंवा मोठी हवीत. आपल्या उदाहरणात टोकाला सव्वा मिलिमीटर हालचाल आहे, म्हणून ८ मिलिमीटर जाडीच्या स्टडसाठी भोक लांबीच्या दिशेने ११ मिलिमीटर असावे. त्यामुळे दोन्ही बाजूंना दीड मिलिमीटर जागा मिळते. नटाखाली जाड वॉशर असावा आणि नट ठरलेल्या मापानेच आवळावेत. गळती थांबवण्यासाठी नट ताकद लावून आवळणे म्हणजे सरकण्याची वाट बंद करणे होय. पोलादी पत्र्यांच्या थरांचे किंवा ग्राफाइटचे गास्केट वायू अडवते आणि मॅनिफोल्डला सरकूही देते.

दुसरी गोष्ट म्हणजे बसण्याचा पृष्ठभाग. चारही तोंडे एका सलग पट्टीने जोडलेली असतील, तर ही पट्टी आणि वरची नळी यांच्या तापमानात फरक पडून मॅनिफोल्ड केळासारखा वाकतो. अशा वेळी दोन तोंडांमधली पट्टी करवतीने कापून वेगळी केली, तर प्रत्येक तोंड स्वतंत्रपणे सरकू शकते. मॅनिफोल्ड उतरवला की सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून सपाटी पाहावी. दोन-दशांश मिलिमीटरहून अधिक फट दिसली तर पृष्ठभाग यंत्रावर घासून घ्यावा.

तिसरी गोष्ट म्हणजे आतली घासणी. हेडचे तोंड आणि मॅनिफोल्डचे तोंड जुळत नसेल, तर पायरी तयार होते आणि वायूचा प्रवाह अडखळतो. गास्केटचा ठसा घेऊन ग्राइंडरने ही पायरी काढणे योग्य आहे. त्यापलीकडे आतून आरशासारखी चकाकी आणण्यात फारसा लाभ नाही. नळी घासून रुंद करण्यात तर तोटाच आहे. रुंद नळीत वायू पसरतो, झोताचा जोर कमी होतो आणि टर्बो उशिरा जागा होतो. शिवाय काही मिलिमीटर जाडीची भिंत घासून पातळ केली की तडा जायला ती पहिली जागा.

चौथी गोष्ट म्हणजे टर्बोचे वजन. समजा, पाच किलोचा टर्बो मॅनिफोल्डपासून १५ सेंटिमीटर पुढे टांगला आहे. गाडी उभी असतानाच सांध्यावर ५० × ०.१५ म्हणजे साडेसात न्यूटन-मीटरचे आघूर्ण येते. खड्ड्यातून जाताना ते कितीतरी पट होते. म्हणून टर्बोला खालून टेकू हवा. हा टेकू इंजिनाच्या ब्लॉकवर घ्यावा. गाडीच्या सांगाड्यावर घेऊ नये, कारण इंजिन त्याच्या रबरी पायांवर हलत असते. टेकूही थोडा लवचीक असावा, नाहीतर तोच प्रसरणाला अडसर होतो. टर्बोपुढच्या नळीत घड्यांचा लवचीक तुकडा घालतात तोही याचसाठी.

वेल्डिंगची अडचण

बिडाचे वेल्डिंग अवघड का, याचे उत्तर त्यातल्या कार्बनमध्ये आहे. वेल्डिंगच्या ठिणगीशेजारचे बीड क्षणभर वितळते आणि भोवतालच्या थंड धातूमुळे झटकन निवते. ग्राफाइट वेगळे व्हायला वेळच मिळत नाही. कार्बन लोखंडाशी संयुगाच्या रूपात अडकतो आणि काचेसारखा कठीण, ठिसूळ पट्टा तयार होतो. वेल्ड टिकते आणि त्याच्या शेजारी नवा तडा जातो, त्याचे कारण हा पट्टा.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे निकेलची कांडी वापरणे. निकेल कार्बनशी असे कठीण संयुग करत नाही आणि सांधा मऊ राहतो. दोन-तीन सेंटिमीटरचे लहान टाके घालायचे, प्रत्येक टाका गरम असतानाच हातोडीने हलके ठोकायचा आणि थोडे थांबून पुढचा टाका दुसऱ्या टोकाला घालायचा. दुसरा उपाय म्हणजे संपूर्ण मॅनिफोल्ड आधी ५००-६०० अंशांपर्यंत तापवून वेल्ड करणे आणि नंतर सावकाश निवू देणे. जुने कारागीर वेल्ड केलेले बीड राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवतात. राख उष्णतेची मंदवाहक आहे. त्यामुळे निवायला काही तास लागतात आणि सर्व भाग एकसमान निवतात. ही पद्धत पुस्तकी ज्ञानातून आलेली नसली तरी पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडण्याची रीतही तशीच. टोकदार टोकाशी ताण एकवटतो, गोल भोकाभोवती तो विखुरतो आणि तडा पुढे पळत नाही.

पितळी झाळकामाचा मार्ग मात्र येथे उपयोगाचा नाही. झाळायचे पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळत असले, तरी त्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी ओसरते. तसेच वर्षानुवर्षे जळलेल्या जुन्या मॅनिफोल्डचे बीड आतून गंजलेले आणि काजळी शोषलेले असते. त्यावर निकेलचाही टाका नीट धरत नाही.

मग कोणता मॅनिफोल्ड?

आमचे मत असे की करड्या बिडाचा जुना मॅनिफोल्ड कापून त्यावर टर्बो बसवू नये. कापलेला आणि जोडलेला भाग नेमका सर्वांत जास्त तापणाऱ्या आणि सर्वांत जास्त भार सोसणाऱ्या जागी येतो. त्याच इंजिनाचा टर्बोसाठीच ओतलेला मॅनिफोल्ड मिळत असेल तर तो घ्यावा.

टर्बोचे मॅनिफोल्ड बहुधा गोलकणी बिडाचे असतात. १९४० च्या दशकात असे लक्षात आले की वितळलेल्या बिडात अगदी थोडे मॅग्नेशियम घातले, तर ग्राफाइट पाकळ्यांऐवजी गोल कणांच्या रूपात बाहेर पडते. पोह्यांच्या जागी जणू मोहरीचे दाणे येतात. टोकदार कडा गेल्याने ताणशक्ती दुपटीच्या आसपास वाढते आणि हे बीड तुटण्याआधी थोडे लांबतेही. ऑक्सिजनला आत शिरायला सलग वाटाही राहत नाहीत. त्यात सिलिकॉन ४ ते ५ टक्क्यांपर्यंत वाढवून थोडे मॉलिब्डेनम मिसळले, तर ते ८०० अंशांच्या आसपासही टिकाव धरते. त्याहून तापणाऱ्या पेट्रोल इंजिनांसाठी भरपूर निकेल असलेले बीड किंवा उष्णतारोधक पोलाद वापरतात. पण पदार्थ कितीही चांगला असला तरी प्रसरण थांबत नाही. अडीच मिलिमीटरची जागा सर्वांनाच द्यावी लागते.

धोका आणि कायदा

तडा गेलेल्या मॅनिफोल्डमुळे केवळ शक्ती कमी होत नाही. गळणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो बॉनेटमधून चालकाच्या केबिनमध्ये शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. पेट्रोल गाडीत हे प्रमाण विशेष घातक ठरते. दुसरा धोका आगीचा. कापूस सुमारे ४०० अंशांना पेट घेतो आणि मॅनिफोल्ड त्याहून बराच तापलेला असतो. कापूस, कडबा किंवा सोयाबीनचे भुसकट यांचा पुंजका इंजिनाच्या खोबणीत साचू देणे धोक्याचे आहे. टर्बोभोवती उष्णतारोधक पत्रा हवा आणि वायर व डिझेलच्या नळ्या लांब हव्यात. खूप पळालेली गाडी थांबवल्यावर एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवून मग बंद करावी. मॅनिफोल्ड सावकाश निवतो आणि टर्बोच्या बेअरिंगमधले तेलही जळत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरबदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा फेरबदलासाठी मालकाला शिक्षेची तरतूद झाली आहे. म्हणून रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत हात घालण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. धुराच्या मर्यादांचाही प्रश्न त्यात आहे. हवा न वाढवता नुसते इंधन वाढवले, तर काळा धूर आणि तापमान दोन्ही वाढतात.

वर्गात करण्याजोगे

१. अर्धा मीटर लांबीची लोखंडी सळई दोन विटांवर आडवी ठेवा. एक टोक वजन ठेवून पक्के करा. दुसऱ्या टोकाखाली गुळगुळीत फरशीचा तुकडा आणि त्यावर १ मिलिमीटर जाडीची सुई आडवी ठेवा. सुईच्या टोकाला काडीचा काटा चिकटवा. सळईखाली मेणबत्त्या लावा. सळईचे सरासरी तापमान १५० अंशांनी वाढले, तर ती ०.९ मिलिमीटर वाढते आणि काटा सुमारे ५० अंशांच्या कोनातून फिरतो. डोळ्यांना न दिसणारे प्रसरण साऱ्या वर्गाला दिसते.

२. शेतातली काळी माती चाळून तिचा घट्ट चिखल करा. एका थाळीला आतून भरपूर तेल लावा. दुसऱ्या थाळीत खरखरीत पॉलिश कागद चिकटवा. दोन्हींत चिखलाचा सारख्याच जाडीचा थर द्या आणि सावलीत वाळू द्या. तेलाच्या थाळीतला थर एकसंध आकसून कडेपासून सुटतो आणि त्याला भेगा कमी पडतात. खरखरीत थाळीतला थर जागोजाग भेगाळतो. माती तीच, आकसणेही तेच. फरक फक्त सरकायला मिळालेल्या मोकळिकीचा.

३. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न. पूर्वी रेल्वेच्या रुळांमध्ये ठरावीक अंतरावर फट ठेवत. आता रूळ वेल्ड करून लांबच लांब अखंड केलेले असतात आणि स्लीपरांना घट्ट जखडलेले असतात. पूर्णा जंक्शनवरून जाणारा असा रूळ मेच्या उन्हात का वाकत नाही आणि जानेवारीच्या थंडीत का तुटत नाही? पोलादाचा यंगचा गुणांक दर चौरस मिलिमीटरला २,००,००० न्यूटन आणि जखडतानाच्या तापमानापासूनचा फरक ३० अंश धरून प्रतिबल काढा. उत्तर ७२ न्यूटन येईल. पोलाद एवढे प्रतिबल सहज पेलते, आणि जड स्लीपर व त्यांभोवतीची खडी रुळाला आडवे सरकू देत नाही. मॅनिफोल्डमध्ये हाच फरक ४५० अंशांचा आहे आणि पदार्थ बीड आहे. एक वस्तू जखडून ठेवणे शहाणपणाचे, तर दुसरी मोकळी ठेवणे शहाणपणाचे. यातले कोणते केव्हा करावे, हे हातातले गणित सांगते.